चक्रावरची रेघ

प्रिय पपा,

तुमच्या शुश्रूषागृहातल्या ट्रुडीचा फोन आला होता. म्हणाली, गुरुवारी तुम्ही सकाळपासून नेमबाजी क्लबची टोपी घालून खिडकीशी बसला होतात, जेवणाचं ताट तसंच परत पाठवलंत आणि संध्याकाळी टोपी काढू दिली नाहीत. ऑगी आला नाही म्हणून. त्याच्या आधीच्या गुरुवारीही आला नव्हता ना? बिचारी काळजीत आहे, की तुमचा दोस्त आजारी तर पडला नाही. आजारी बिजारी काही नाही. ठणठणीत आहे तो, काल पेट्रोल पंपावर दिसला. तो का येत नाही ते मला ठाऊक आहे आणि तेच सांगायला हे पत्र लिहायला बसलेय. पण तुम्हाला आता वेळच वेळ आहे, तेव्हा सावकाश सांगते. पक्षाघाताच्या झटक्यानं तुमची वाचा नेली, उजवा हात नेला, पण नजर शाबूत ठेवली, हे किती बरं झालं.

घर ठीक आहे. छपराच्या पन्हाळीतली पानं काढली, तळघरातला बॉयलर तपासून घेतला. हरणांच्या शिकारीचा मोसम सोमवारी उघडतोय, त्यामुळे गावात सगळीकडे नारिंगी जाकिटं दिसायला लागलीत. तळघरातलं तुमचं कपाट मी उघडलं. तुमची सगळी छोटी रिव्हॉल्व्हरं जागच्या जागी होती, एकेक फ्लॅनेलात गुंडाळलेलं, तेलाचा तोच वास. त्या वासानं मी पुन्हा लहान झाले आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

क्लबातल्या बाकीच्या बाप्यांना मोठ्या नळीचं वेड. तुम्हाला मात्र तळहातात मावणारं पॉइंट टू-टूचं रिव्हॉल्व्हर हवं. लोक चिडवायचे, "एमिल, उंदीर मारायला निघालास का?" आणि तुम्ही गालातल्या गालात हसायचात. गाडीत बसलो की मला सांगायचात, "मोठ्या बंदुकीमागं माणूस लपतो, डोरीन. धक्काच इतका बसतो की नेम चुकला तर खापर धक्क्यावर. या पोरटीला ना धक्का, ना आवाज. चुकला, तर चुकलास तूच." खरं सांगू, मला ते पटायचं. वाळली काटकी मोडावी तेवढा तो आवाज, एका डबीत सबंध रविवार पुरणारी काडतुसं, मासेमारीच्या पेटीत गळांशेजारी गपचूप पडून राहणारं ते इवलंसं यंत्र. तुमचं एवढं एक प्रेम मला कळलं होतं. त्यात आपल्याला जागा मिळेल, असंही वाटायचं.

गाडीत तुम्ही ऑगीबद्दलही खूप बोलायचात, आठवतं? तो त्याची दांडगी फॉर्टी-फोर बंदूक उडवताना डोळे कसे गच्च मिटतो, याची नक्कल करायचात. "नुसता ढोल आहे. बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, पण मी म्हणेन त्याला मान डोलावतो, म्हणून जवळ ठेवलाय." आणि त्याची बायको पॉलीन हिला पुरलं त्या दिवशी, दफनभूमीतून परतताना, अंगावर अजून काळा कोट असताना म्हणालात, "सुटली बिचारी. त्याची बडबड ऐकण्यापेक्षा कर्करोग परवडला." मी हसले होते. तुम्ही मला हसवलंत की मी जगातली सगळ्यात लाडकी मुलगी असायचे, निदान गाडी घराशी थांबेपर्यंत.

आणि ती निळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातली बंदूक. चार इंची नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, नेम धरायच्या पुढच्या माशीवर लाल ठिपका. मी जन्मले त्या आठवड्यात घेतलीत. माझ्यासाठी घेतली, असं तुम्ही अख्ख्या गावाला सांगितलंत. दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी खोकं टेबलावर यायचं. ती माझ्या हातात द्यायचात आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते बघायचात. "अंहं. हात लहान आहे अजून." मग खोकं आत. मी रात्री अंथरुणात बोटं ओढून ओढून लांब करायचे. आई म्हणायची, "अगं, तुटतील." बाराव्या वाढदिवसाला बोट पोचलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ती माझ्या हातून काढून घेतलीत, दिव्याखाली धरलीत आणि म्हणालात, "काडतुसांचं हे चक्र बघ. कारखान्यातून आलं तसं. एकदा जरी फिरलं तरी रेघ उमटते, मग ती जन्मात जात नाही. ही वापरायची वस्तू नाही, बाळ." ऑगी आपल्याकडे जेवायला होता. तो खो खो हसला, तुम्हीही हसलात. आईनं मला केकचा मोठा तुकडा दिला.

मला तुम्ही ते जुनं खिळखिळं दिलंत, ज्याची माशी एका बाजूला झुकलेली होती. त्याच्यावर मी शिकले. त्याच्यावर क्लबची स्पर्धा जिंकले, अख्ख्या गावच्या बाप्यांना मागं टाकून, आणि चषक घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "वारा पडला होता आज. माझी मांजरही जिंकली असती." त्यानंतर मी स्पर्धेत उतरले नाही. का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मग तुम्ही साठ वर्षांचे झालात. क्लबात मोठी पार्टी, पिरोगीच्या उकडलेल्या करंज्यांच्या पराती, बिअरचं पिंप. तुम्ही ग्लास वाजवून जाहीर केलंत की निळं खोकं तुमच्यामागं ऑगीला जाईल. "डोरीनला दिली तर ती वापरून टाकेल!" काय हशा पिकला होता. मीही दात दाखवले, दुसरं काय करणार? आणि यंदा उन्हाळ्यात, तुमच्या पलंगाशी ऑगी बसलेला असताना, मी मुद्दाम पुन्हा विचारलं. पपा, ती कुणाला देऊ? माझ्याकडे बघा आणि सांगा. तुमचा डावा हात चालत होता. तुम्ही ऑगीच्या टोपीकडे बोट केलंत. ऑगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तर मी तुमची इच्छा पाळली. फक्त ती ऑगीला देण्याच्या आदल्या रविवारी, ती घेऊन मागच्या, खाणीतल्या टाकाऊ कोळशाच्या ढिगाऱ्याकडे गेले. टिनाचे डबे मांडले. बोट अगदी बरोबर पोचतं, पपा. काय चालते ती! लोण्यासारखा चाप, आणि त्या लाल ठिपक्यावर नजर ठेवली की हाताची थरथर तेवढी आपली, बाकी काहीच नाही. एकही डबा उभा राहिला नाही. डबीतली काडतुसं संपेपर्यंत मी थांबले नाही. मग घरी येऊन, तुम्ही शिकवलंत तशी, ती साफ केली. सगळं निघालं. रेघ राहिली.

शुक्रवारी मासे तळतात तेव्हा क्लब भरलेला असतो. मी खोकं तिथंच नेलं. ऑगी म्हणाला, "कागदपत्रं मागाहून करू, आधी डोळे भरून बघू दे." सगळे भोवती जमले. त्यानं हात पुसले, खिशातून भिंग काढलं, ती दिव्याखाली धरली आणि चक्राजवळ भिंग नेलं. मग म्हणाला, "ही रेघ कसली? अरे, ही तर झाडलेली आहे." त्यानं नळीत पाहिलं, पुन्हा चक्राकडे पाहिलं. "इतकी वर्षं एमिलनं आम्हाला येडं बनवलं. हात लावू देत नव्हता, का ते आत्ता कळलं." कुणीतरी फिदीफिदी हसलं. ऑगीनं माझ्याकडे बघितलं, त्याला वाटलं मी काहीतरी बोलेन. मी मान खाली घातली, बापाची लाज वाटणाऱ्या मुलीनं घालावी तशी. एक शब्दही खोटा बोलले नाही. त्यानं खोकं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "ने परत. त्याला सांग, ऑगीला नको." त्यामुळे ती आता माझ्याकडेच असते. रविवारी आम्ही दोघी ढिगाऱ्यावर जातो.

आता तुमच्या मनात काय आलं असेल ते मला कळतंय. हे पत्र ऑगीला दाखवलं की झालं, दोस्त परत. अगदी खरं. एक ओळ वाचली तरी त्याला कळेल की तुम्ही खोटे नव्हतात, रेघ पोरीनं पाडली. पण ऑगीला तुम्ही ओळखता, तो आधी वाचायला लागतो पहिल्या ओळीपासून. ढोलाचं वाचेल, मिटलेल्या डोळ्यांचं वाचेल, आणि मग पॉलीनचं वाचेल. ते सगळं मी आठवणी दाटून आल्या म्हणून लिहिलेलं नाही. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलंय, म्हणजे फाडून अर्धं पाठवता येणार नाही. आणि ट्रुडीला खुणेनं काही समजावाल, तर तीही आधी पत्र वाचेलच. सोबत एक पाकीट ठेवलंय. ऑगीचा पत्ता घातलाय, तिकीटही लावलंय. पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, डावा हात चालतो तुमचा.

तुमचीच,
डोरीन