एप्रिलातली कोकरं

१४ एप्रिल १८४७, वैरारापा, न्यूझीलंड

कोकरू! एप्रिलात! ओल्या गवतात थरथरत उभं — आणि मी वेडी त्याला मिठी मारून हसतेय काय, रडतेय काय! स्कॉटलंडातला वसंतच दारात आल्यासारखं वाटलं.

अ‍ॅडम मात्र कपाळाला हात लावून बसला. "सासरेबुवा, इथे आता हिवाळा तोंडावर आलाय! नोव्हेंबरात मेंढ्यांत एडके सोडायला हे काय तुमचं गाव आहे?"

बाबा खाली बघत म्हणाले, "सवय हो. आयुष्यभर नोव्हेंबरातच सोडत आलो." अशा चाळीस मेंढ्या गाभण आहेत!

१५ एप्रिल

आणखी सहा!

२ मे

अ‍ॅडमने आज स्पष्टच सांगितलं — थंडीत कोकरं गेली तर बाबांनी सप्टेंबरच्या जहाजाने परत जायचं. "ज्याला ऋतू कळत नाही त्याच्या हाती कळप देऊ कसा?" बाबा गेले तर मी इथे भांडू कुणाशी?

दुपारी रिपेका बटाटे घेऊन आली. ही जमीन तिच्याच माओरी भावकीची, आम्ही भाड्याने राहतो. कोकरं बघून पोट धरून हसली. "अगं, तुमच्या मेंढरांना पंचांग कळत नाही होय?" बाबाही हसले! यांना हसू सुचतं कसं?

११ मे

एका मेंढीचं पिल्लू जन्मतःच गेलं. एक पिल्लू आईविना. बाबांनी मेलेल्याचं कातडं सोलून जिवंताला अंगरख्यासारखं चढवलं. मेंढीने हुंगलं, वास आपल्याच पिल्लाचा — आणि दिलं की प्यायला! अ‍ॅडम पुटपुटला, "म्हातारा आहे खरा वस्ताद." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

३ जुलै

तीन दिवस दक्षिणेचा बर्फगार वारा, वर गारा. बाबांनी कोकरं आधीच टेकडीमागच्या झाडीत नेली होती. तिथे या दिवसांतही गवत हिरवंगार! एकही दगावलं नाही. एकही नाही!!

२८ ऑगस्ट

आमची कोकरं टुणटुण उड्या मारतायत, शेजारच्यांच्या मेंढ्या अजून गाभणच! अ‍ॅडमने स्वतःची तंबाखू बाबांपुढे केली. "राहा आता. पण पुढच्या वेळी एडके मी सांगेन तेव्हाच!"

"बरं, जावईबापू." बाबा अगदी गरीब गाय!

मी चुलीपुढे नाचले. ओटची लापशी करपली. करपू दे!

२ सप्टेंबर

रिपेका आज सहज बोलून गेली — हिवाळाभर गवत कुठे हिरवं राहतं, हे बाबांनी तिला विचारलं होतं. तिनेच ती झाडी दाखवली. कधी? तर गेल्या ऑक्टोबरात. एडके सोडायच्या आधी!

आणि त्याआधीच्या एप्रिलात मी बाबांपाशी हमसून रडले होते — "कोकरांवाचून एप्रिल कसला! मला घरी न्या."

धावत जाऊन विचारलं. पाइप झाडत म्हणाले, "यंदा घरासाठी नाही ना रडलीस? मग झालं तर. जावयाला बोलू नकोस."