दोन नावांचं एक आमेन

सोमवार

चि. पाळकबुवास,
अ. आ.

एका भिंतीपलीकडे राहून पत्र धाडतेय, कारण समोर आलास तर माझी जीभ सुटेल आणि तुझी बायको मध्ये पडेल.

पहिली तक्रार अत्यंत गंभीर. ऑर्गनच्या स्टुलावरची माझी गादी काल उमेदवारसाहेबांच्या बुडाखाली गेली. इतकी वर्षं बसून सेवा केली, काल टोचत टोचत केली. या त्यागाची इतिहास नोंद घेईलच.

दुसरी मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. आठवणीच्या प्रार्थनेत तू शिवणवाल्या काकूंच्या गेलेल्या लेकाचं नाव घेतलंस आणि त्याच श्वासात उमेदवाराचं. हा देवाने निवडलेला, यालाच मत द्या, म्हणालास. सवयीने सगळी मंडळी आमेन म्हणाली. काकूसुद्धा. ज्याच्या गोदामाची भिंत लेकावर पडली, त्याच्या विजयाला आईने आमेन म्हटलं! मग कळलं तेव्हा त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना कर, शंभरदा कर. पण डोळे मिटलेल्या माणसाचं मत काढून घेणं म्हणजे पाकीटमारी. येत्या रविवारी तिथेच उभा राहून शब्द मागे घे.

लोभ आहे, सध्या रुसून बसलाय.
ताई


गुरुवार

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझी जीभ थेट आपल्या आईवर गेलीये. छप्पर गळतं तेव्हा ऑर्गनवर पातेलं तूच ठेवतेस ना? साहेबांनी छप्पर देऊ केलं. वाटलं, एका वाक्याने काय बिघडतं. आता माघार घेतली तर चर्चचं वडीलमंडळ मला इथे ठेवणार नाही. पोरांच्या शाळा आहेत.

पण खरं सांगतो. एकटा प्रार्थनेला बसलो तरी त्या मुलाच्या नावामागून ते दुसरं नाव आपोआप येतं. थांबलो, तर रिकाम्या चर्चमध्ये काकूंचं आमेन ऐकू येतं. काल जेवणाआधीची प्रार्थना धाकटीवर ढकलली.

लायकी नसली तरी माया असू दे.
तुझा धाकटा


सोमवार

चि. धाकट्यास,
अ. आ.

काल तिथेच उभा राहून म्हणालास, व्यासपीठाचं दुकान केलं, चुकलो. साहेबांच्या माणसांचा पहिला बाक उठून गेला, छप्परही त्याच्याबरोबर गेलं. वडीलमंडळाने काढलंच, तर माझ्याकडे एक खोली रिकामी आहे आणि भांडायला माणूस हवंच आहे.

पण काकूंची जागा रिकामी होती. प्रार्थना संपली आणि कुणाचंच आमेन आलं नाही. आपण कशाला हो म्हणतोय याचा भरवसाच उरला नाही लोकांना. तो परत यायला फार दिवस लागतील. कदाचित तुझ्या हयातीत येणारही नाही.

आज सकाळी काकूंकडे गेले. बसा म्हणाल्या नाहीत, शिवत राहिल्या. मी उभ्या उभ्याच डोळे मिटून लेकाचं नाव घेतलं. एकट्याचं. मशीन थांबलं. आमेन मी एकटीनेच म्हटलं. जरा वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं, तशी मी निघाले.

आपल्या घराकडून तेवढं देणं होतं.

ताई