आमच्या घरात उवा नाहीत

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून मेसेज. 'दुसरी ब मधल्या काही मुलांच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. पालकांनी घरी तपासणी करावी.' क्षिप्रा दुसरी ब मध्येच आहे. पण आमच्या घरात उवा असणं शक्य नाही. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो.

अरुणाने बँकेतून आल्या आल्या क्षिप्राला बाल्कनीत उजेडाला बसवलं आणि फणी फिरवली. टिश्यूवर काहीतरी पडलं. मी म्हणालो, तीळ आहे, डब्यात तिळाची चटणी होती. अरुणा म्हणाली, मग खा.

खाल्ला नाही. ॲसिडिटी आहे.

ठराव: ही केस मी स्वतः हँडल करणार. रोज नोंद ठेवणार. आठवड्यात निकाल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इंटरनेटवर भरपूर रिसर्च केला. उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की या केसावरून त्या केसावर चालत जातात. स्वच्छतेशी त्यांचा संबंध नसतो, स्वच्छ केसांतही आरामात राहतात. हा शेवटचा मुद्दा मला पटला नाही, म्हणून सोडला.

मी ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये टीम लीड आहे. अनेक वर्षं बग शोधतोय. उवा म्हणजे तरी दुसरं काय? बगचं मूळ सापडलं की काम झालं.

मूळ सापडलं. पाचव्या मजल्यावरची प्रियदर्शिनी. क्षिप्राची जिवलग मैत्रीण. दोघी एकाच टॅबवर डोक्याला डोकं लावून कार्टून बघतात.

अरुणाने विचारलं, आणि रोज संध्याकाळी डोक्याला डोकं लावून गोष्ट वाचून दाखवतोस ते? तुझंही डोकं बघू दे. मी हसलो. माझं डोकं दिवाळीपासून खाजतंय, ते सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याने. डँड्रफ. पूर्ण वेगळा विषय.

५ नोव्हेंबर, बुधवार

वाशीला डॉ. संघमित्रा मॅडमकडे. लहान मुलांच्या डॉक्टर, शांत बाई. म्हणाल्या, हे फार कॉमन आहे, लाज वाटायचं कारण नाही. लोशन लावा, ओल्या केसांतून बारीक फणी फिरवत राहा, आठवड्याने पुन्हा लोशन. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच वेळी तपासा.

मी सांगितलं की मी या केसमध्ये पेशंट नाही, मॅनेजर आहे. मॅडम बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या. मी तेव्हा पेनाने जरा खाजवत होतो. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

८ नोव्हेंबर, शनिवार

अरुणाने क्षिप्राला लोशन लावलं. स्वतःला लावलं. मग बाटली घेऊन माझ्याकडे आली. मी स्पष्ट नकार दिला. माझे केस सध्या नाजूक अवस्थेत आहेत. जे राहिलेत त्यांना मी केमिकल दाखवणार नाही.

डँड्रफसाठी खोबरेल तेलात कापूर घालून चोळला. थंड वाटलं. खाज वाढली, म्हणजे औषध लागू पडतंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

तेल लावूनच ऑफिसला गेलो. माझ्या टीममधला शिवतेज म्हणाला, सर, आज फ्लोअरवर आरती आहे का? मुलगा धार्मिक आहे, माहीत नव्हतं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. कुणाचंही नाव घेतलं नाही. फक्त 'पाचव्या मजल्यावरील, दुसरीत शिकणाऱ्या, प वरून नाव सुरू होणाऱ्या मुलीच्या पालकांनी जबाबदारीने वागावं' एवढंच लिहिलं. खाली हात जोडलेले आणि माझं नाव: नंदकिशोर, बी ७०४.

चहा गाळेपर्यंत बेल वाजली. प्रियदर्शिनीचे वडील विश्वजित. सोसायटीचे सेक्रेटरी, मूळचे साताऱ्याचे, वाशीच्या मार्केटला फळांचे होलसेल व्यापारी. दारातूनच म्हणाले, आवो साहेब, आमची राजेश्वरी रोज पोरीचं डोकं इंचरती. काय न्हाय तिच्या डोक्यात. आमची पेटी उघडून बघा, एक आंबा डागी निघणार न्हाय, आन तुमी पोरीला डागी म्हनता? आजपास्नं ती तुमच्या घरात येनार न्हाय.

मी शांतपणे दार लावलं. खरं म्हणजे त्यांनी आधीच ओढून घेतलं होतं.

एक सोर्स बंद झाला. प्रोजेक्ट वेळेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

क्षिप्रा बोलत नाही. शाळेत प्रियदर्शिनीने जागा बदलली म्हणे. ते बघून मागच्या बाकावरच्या मुलीनेही बदलली. डबा तसाच परत आला. भूक नसेल, हवा बदलतेय.

गोष्ट वाचायला बसलो तर उशी उचलून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथूनच ऐकते म्हणाली. राक्षसाचा आवाज मी नेहमीपेक्षा मोठा काढला. हसली नाही. आवाजाचा दर्जा उत्तम होता.

अरुणा म्हणाली, ग्रुपवर सॉरी लिही. मी म्हणालो, डेटा सॉरी म्हणत नसतो. त्यानंतर तीही बोलत नाहीये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसमध्ये मात्र समाधान. आज रिव्ह्यू मीटिंगला अख्खी टीम विचारात गढलेली. प्रत्येक जण डोकं खाजवत होता. गेल्या महिन्यात दिवाळीच्या आधी लोणावळ्याच्या ऑफसाइटला मी सगळ्यांना गोल उभं करून डोक्याला डोकं लावायला लावलं होतं. 'एक टीम, एक मेंदू.' तेव्हा हसले होते. आज फळ दिसतंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

क्षिप्राच्या डोक्यात परत उवा. दुसरं लोशन वेळेवर लावूनसुद्धा. आणि प्रियदर्शिनीचं येणं बंद असूनसुद्धा.

अरुणाने मौन सोडलं. म्हणाली, बाहेरून येत नाहीयेत, घरातच कुणीतरी पुरवतंय. मला पटलं. सोफा.

कव्हरं ड्रायक्लीनला दिली. क्षिप्राचं अस्वल पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलं, थंडीने उवा मरतात असं वाचलंय. थोड्या वेळाने फ्रीझर उघडा दिसला. क्षिप्रा अस्वलाला आपला शाळेचा रुमाल पांघरत होती. त्याच्याशी बोलत होती. म्हणत होती, घाबरू नको, तुझ्याशी पण कुणी खेळत नाही का?

मटारच्या पिशवीमागे काहीतरी शोधत मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. काय शोधत होतो ते आठवत नाही. डोळ्याला गार हवा लागली.

अस्वलाला बाहेर काढलं. सोफ्यावरच लक्ष केंद्रित करायचंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मास्टर प्लॅन. रविवारी क्लबहाउसमध्ये सगळ्या पालकांसाठी जनजागृती. विषय: 'ऊ: समज, गैरसमज आणि जबाबदारी'. मुख्य वक्ता मी. प्रश्नांसाठी डॉ. संघमित्रा. एक छोटा कॅमेराही मागवलाय. केसावर धरला की प्रोजेक्टरवर केस दोरखंडाएवढा दिसतो.

यानंतर लोक क्षिप्राकडे उवावाली मुलगी म्हणून नाही, तज्ज्ञाची मुलगी म्हणून बघतील. हॉलची परवानगी सेक्रेटरी म्हणून विश्वजितनाच द्यावी लागली. म्हणाले, द्या भाषन, आमी बी येतो ऐकाया.

२३ नोव्हेंबर, रविवार

हॉल भरला होता. प्रियदर्शिनीच्या आईने, राजेश्वरीताईंनी, सगळ्यांना चहा दिला. मला शेवटी दिला, पण दिला.

सुरुवात जोरदार. स्लाइड्स सुंदर. मग प्रात्यक्षिक. आधी स्वच्छ डोकं कसं दिसतं ते दाखवावं, म्हणजे तुलना करता येते. त्यासाठी मी स्वतः खुर्चीत बसलो आणि डॉक्टर मॅडमना कॅमेरा धरायला सांगितला. मॅडम हळूच म्हणाल्या, नक्की का? मी म्हणालो, बिनधास्त.

माझी पाठ पडद्याकडे. सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं, विषयाचं गांभीर्य पोचलं. मग मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक पोरगं ओरडलं, ती बघ मोठी, पिल्लं पण आहेत!

मान वळवून बघितलं. मी माइकवर सांगितलं की ही लेन्सवरची धूळ आहे. धूळ पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे निघाली होती. वाटेत दुसरी धूळ भेटली.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, कधीपासून खाजतंय? मी म्हणालो, दिवाळीपासून. त्या म्हणाल्या, खाज सुरू व्हायला आधी काही आठवडे जाऊ शकतात. त्याआधी कुणाच्या डोक्याला डोकं लागलं होतं का?

लोणावळ्याचं सांगावं लागलं. टीम खाजवतेय तेही तोंडून निघून गेलं. माइक चालू होता.

विश्वजित मागून म्हणाले, साहेब, प न्हवं. न. न नंदकिशोरचा.

उपस्थिती मात्र सोसायटीच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा जास्त.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमचा अरुणाला निरोप. तिघांनी एकाच दिवशी लोशन लावायचं, फणी चालू ठेवायची, बस. घाबरण्यासारखं काही नाही. अरुणाने बाटली बेसिनजवळ ठेवलीय.

पण लोशन हा सामान्य माणसाचा मार्ग झाला. लीडर समस्येचं मूळच उपटतो. उद्या टक्कल. शिवाय ते केस जाणारच होते, त्यांना सन्मानाने निरोप देता येईल. आजकाल टक्कल कॉर्पोरेटमध्ये पॉवरफुल समजतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

स्टेशनजवळच्या सलूनमध्ये गेलो. सगळे काढा म्हणालो. तो न्हावी एकदम हळवा झाला. त्याने विचारलं, वडील? मी म्हणालो, डोंबिवलीला. तो म्हणाला, देवाची मर्जी. पैसे घेईना. भला माणूस. न विचारता मागे शेंडी ठेवली. घरी आल्यावर कळलं.

अरुणा आधी हसली, मग भिंतीला टेकून हसली. बऱ्याच दिवसांनी. मोहिमेचा हाही फायदा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात मला बघून सगळे उभे राहिले. आदर. शिवतेजने खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, सर, स्ट्राँग राहा. मी म्हणालो, राहावंच लागतं. एचआरने न मागता आठवडाभर रजा दिली. 'अशा वेळी कुटुंबासोबत असावं' असा मेल. माझ्यावर कामाचा किती ताण आहे ते शेवटी कुणीतरी ओळखलं.

घरी येताना लिफ्टमध्ये सगळे मान खाली घालून. रविवारच्या टवाळीचा पश्चात्ताप झालेला दिसतोय. राजेश्वरीताईंनी पिठलं आणि भाकरी पाठवली. म्हणजे तह. चव अप्रतिम.

अरुणा म्हणाली, पिठलं का आलंय कळतंय का तुला? मी म्हणालो, गरम आहे तोवर जेवू.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बेल. दारात अण्णा. माझे वडील, डोंबिवलीला असतात, मराठीचे निवृत्त शिक्षक. क्षिप्रा उदास आहे म्हणून अरुणाने बोलावलं होतं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, खाली फळ्यावर वाचलं, मी गेलो म्हणून.

गेटवरच्या फळ्यावर सेक्रेटरींनी लिहिलं होतं: 'बी ७०४ चे नंदकिशोर यांचे पुज्य वडिल यांचे दुखःद निधन. भावपुर्ण श्रध्दांजली.' अण्णांनी वॉचमन देवजीकडून मार्कर मागून घेतला आणि उभ्या उभ्या सगळं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. मजकूर तसाच ठेवला. देवजीने विचारलं, आपण कोण? अण्णा म्हणाले, कैलासवासी.

ते पाणी पीत होते तेवढ्यात विश्वजित आणि राजेश्वरीताई भेटायला आले. पांढरे कपडे, सोबत प्रियदर्शिनी. दार अण्णांनीच उघडलं. विश्वजितनी त्यांचा हात धरून सांगितलं, लई वाईट झालं बघा. अण्णा म्हणाले, हो, शुद्धलेखन तर फारच.

मग उलगडा झाला. राजेश्वरीताई दारातच खाली बसून हसल्या. विश्वजित अण्णांच्या पाया पडले आणि शंभर वर्षं जगा म्हणाले. वयाने लहान असून आशीर्वाद दिला, पण कुणी मनावर घेतलं नाही.

या गडबडीत मुली दिसेनात. बाल्कनीत सापडल्या. क्षिप्रा प्रियदर्शिनीला सांगत होती, जवळ नको बसू, मला आहेत. प्रियदर्शिनी म्हणाली, मला पण निघाल्या एकदा, मम्मीने कुणाला सांगू नको म्हटलंय. मग दोघी जवळ बसल्या. राजेश्वरीताईंचं हसणं तिथेच थांबलं. अरुणाने बेसिनजवळची बाटली आणली आणि त्यांना अर्धी ओतून दिली.

मीच पुढे होऊन विश्वजितना म्हणालो, तुमचं थोडं चुकलं, माझंही अक्षर चुकलं, सोडून देऊ. याला माफी म्हणता येणार नाही. पण त्यांनी मला मिठी मारली. डोकं दूर ठेवून.

एचआरला फोन करून खुलासा केला. रजा रद्द. टीमला लोशनचं नाव पाठवलं. कुणीही थँक्यू म्हटलेलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

दोन्ही घरांची तपासणी डॉक्टर मॅडमनी केली. सगळ्यांची डोकी स्वच्छ. माझ्या डोक्यावरून त्यांनी नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, याची काहीच गरज नव्हती हो.

म्हणजे मोहीम यशस्वी. जरा जास्तच यशस्वी.

८ डिसेंबर, सोमवार

शाळेत चित्र काढायला सांगितलं होतं. 'मी आजारी असताना मला कोणी मदत केली?' क्षिप्राने वही दाखवली. आई फणी घेऊन. डॉक्टर मॅडम. प्रियदर्शिनी. हातात मार्कर घेतलेले अण्णा आजोबा. कोपऱ्यात मोठा पिवळा गोल.

मी म्हणालो, सूर्य मस्त काढलायस. ती म्हणाली, तो तू आहेस.

भरून आलं. सूर्य म्हणजे सगळ्यांना प्रकाश देणारा, मार्गदर्शक. खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, मी इथे काय मदत करतोय?

म्हणाली, काहीच नाही. तुला नुसतं काढलंय, नाहीतर तुला वाईट वाटलं असतं.

खाली टीचरचा शेरा आहे. 'छान निरीक्षण.'