पाणी नाही, हवा

गुरुवार, संध्याकाळ

आज विद्यापीठात वेगवान संशोधन नेटवर्क सुरू झालं. आतापर्यंत नेट संथ, म्हणून हर्सूल तलावाच्या पाण्याच्या तापमानाची नुसती सरासरी प्रकल्पातल्या पुण्याच्या सरांना पाठवायचे. आज दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी मिनिटात गेल्या. तासाभरात सरांचा फोन.

"मॅडम, पहाटे अकरा अंश, दुपारी चाळीस? हे पाणी नाही, हवा आहे."

माझ्या विद्यार्थिनीचा, संगीताचा अख्खा प्रबंध यावरच! दोघी तलावावर धावलो. तापमान मोजणारं यंत्र खांबाच्या आखूड दोरीला लटकलेलं, पाण्याच्या हातभर वर. फक्त हातभर! सरासरीत ते लपलं, पण मी एकदाही नोंदी उघडून का नाही पाहिल्या?

"चूक माझी," मी म्हटलं.

"व्हय, मॅडम," संगीता म्हणाली आणि दोरी सैल करून यंत्र बुडवायला पाण्यात उतरली.