झोपलेल्या मास्तरांचा संप

ट्युनिस, रविवार

आदरणीय शादली मामांस,

उमैमाचा सलाम. गुडघा कसा आहे? मामीची हरीसा चटणी पोचली आणि घरमालकिणीने 'जरा चव बघते' म्हणत अर्धी बरणी संपवली. मी ठीक आहे, निदान शुक्रवारपर्यंत. (शुक्रवारी प्रबंध दिला नाही, तर सात वर्षांच्या मेहनतीवर पाणी.)

माझा विषय तुम्हाला ठाऊकच आहे: शिक्षणातले जाहीर वाद. चौथं प्रकरण अख्खं तुमच्या संपावर आहे. तिसरीच्या वाचनपुस्तकात वर्गात घोरणाऱ्या मास्तरांचं चित्र छापलं म्हणून बावीस वर्षांपूर्वी तुम्ही देशभरच्या शाळा बंद पाडल्यात, तोच संप. आता मार्गदर्शक बाई म्हणतात, ते पुस्तक दाखव, नाहीतर प्रकरण काढ. ते काढलं तर प्रबंधात आभारांशिवाय फारसं काही उरत नाही.

मंत्रालयात गेले. कारकून म्हणाला, "असं पुस्तक निघालंच नव्हतं, बाई. आणि ते मागे घेतल्यालाही बावीस वर्षं झाली." मग तुमच्या शेजारी उभं राहून घसा फोडणाऱ्या मोन्जी काकांना गाठलं. पुस्तक वाचलं होतं का, एवढंच विचारलं, तर काका उखडले. "वाचायला वेळ कुणाला होता, पोरी? आम्ही संपावर होतो!" चित्राच्या बाजूने तावातावाने लेख लिहिणाऱ्या एक बाई भेटल्या. (त्यांनीही पाहिलं नव्हतं, पण त्या अजून ठाम आहेत.)

ते चित्र नक्की पाहिलेला माणूस एकच, तुम्ही. पहिली तक्रार तुमची, आणि तीत मास्तरांची एका बाजूला आखूड मिशी, खुर्चीखाली काढलेले बूट, सगळं बारकाईने लिहिलेलं. शिक्षकांच्या अब्रूसाठी तुम्ही लढलात याचा मला खरोखर अभिमान वाटतो. तेव्हा कपाटात एखादी प्रत आहे का, बघाल?

तुमची भाची,
उमैमा

ता. क. पत्र पाकिटात घालत होते, तोच तुमच्या महदियाहून प्रवासी आणणारा वडाप गाडीवाला दारात. पुस्तक शोधू नका. काल दुपारी तुमचा डोळा लागल्यावर मामीने ते तुमच्या गादीखालून काढून त्याच्याबरोबर पाठवलं. चित्रकार म्हणे तुमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचा. मामा, मिशी ओळखली.

ता. क. २. मार्गदर्शक बाईंना आता चित्राशेजारी खऱ्या माणसाचा फोटो हवाय. मामीने पाठवलेल्या सगळ्या फोटोंत तुम्ही झोपलेलेच आहात. एक छापू का? शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर मामा झोपलेत असं समजून छापून टाकेन.