पानगळीचे तीन शर्ट

१४ सप्टेंबर

चि. ठकीस,
अ. उ. आशीर्वाद. त्यातला एखादा शिल्लक राहिला तर परत पाठव, इथे कमी पडताहेत.

तुझे दोन फोन घेतले नाहीत म्हणून फुगली असशील. फुग. पण कारण ऐकून घे. आमचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात कुजबुजले तरी पलंगावर ऐकू जातं. ह्यांना सगळं कळतं गं, फक्त बोलता येत नाही. बायको आपल्याबद्दल बहिणीला काय सांगते आहे ते नुसतं पडून ऐकायचं, ही शिक्षा माझ्याच्याने त्यांना देववत नाही. म्हणून पत्र. पेनाचा आवाज होत नाही.

झटका आला तेव्हा उन्हाळा होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण कपड्यांचं एका बनियनवर भागलं. आता हवा पालटली आहे. सकाळी खिडकीची काच गार लागते, दुपारी अंगावरचं सगळं काढून टाकावंसं वाटतं आणि ऊन कललं की पुन्हा हुडहुडी. म्हणजे दिवसातून तीनदा कपडे, आणि एक शर्ट चढवायचा तरी माझ्या नाकी नऊ येतात. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी आखडला आहे. तो बाहीत घालताना ते ओरडत नाहीत, दात आवळून धरतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. मग मला रडू येतं. मग आम्ही दोघं घामाघूम होऊन अर्ध्या शर्टात बसून राहतो.

पायजम्यावर बाहेर न्यायची सोय नाही. ते कसे आहेत तुला ठाऊक आहे. सारी हयात इस्पितळाच्या तळघरात, शवागारात नोकरी केली, पण घरातून निघताना कडक इस्त्रीचा शर्ट, आणि येताना तिथूनच अंघोळ करून, भांग पाडून यायचे. तिथलं एक अक्षर त्यांनी घरात आणलं नाही आणि मीही विचारलं नाही. असा माणूस पायजम्यात गल्लीत बसेल होय? परवा तसंच नेऊ लागले तर डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली.

व्यायाम करून घ्यायला येते ती बाई स्पष्टच बोलली. कडाक्याची थंडी पडायच्या आत रोज बाहेर पडले, तासभर बसले, चार माणसं बघितली तर आशा आहे. नाहीतर हे कायमचे पलंगाचे झाले म्हणून समजा, म्हणाली. खाली उतरायला लिफ्ट आहे, गल्लीच्या तोंडाशी एक बाकडं आहे, तिथवर चाकाची खुर्ची मी ढकलू शकते. अडलं आहे ते फक्त कपड्यांपाशी.

तू दिवसभर दुकानाच्या काचेत उभ्या केलेल्या पुतळ्यांना कपडे चढवतेस. तेही काही मदत करत नाहीत. तेव्हा तूच सांग, साधे, सैल, रोजचे, आणि या विचित्र हवेला पुरतील असे कपडे जुळवायचे तरी कसे?

लोभ कर, पण आधी उत्तर कर.
तुझी ताई


२२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (गुडघा धरला आहे, तरी आठातलं एक अंग वजा समजून घ्यावं.)

मी फुगले नव्हते, पण तू फुग म्हणालीस म्हणून थोडा वेळ फुगून घेतलं. आता कामाचं.

सध्या मी पानगळीची काच लावते आहे. मालकांना जमिनीवर कागदाची पानं हवीत आणि पुतळ्यांच्या अंगावर असे कपडे हवेत की बघणाऱ्याला वाटावं, आपणही आत्ता फिरायला निघावं. या हवेचं गुपित एवढंच, की जाड एक नको, पातळ तीन हवेत. आत सुती बनियन. त्यावर धुऊन धुऊन मऊ झालेला शर्ट, एक माप मोठा. त्यावर समोरून उघडणारं बिनबाह्यांचं स्वेटर. सकाळी तिन्ही घालायचं, दुपारी फक्त स्वेटर काढायचं, संध्याकाळी ते परत घालून वर खांद्यावरून शाल सोडायची. शर्टाला दिवसभर हात लावायचा नाही, म्हणजे बाहीची लढाई एकदाच. पँट कमरेला इलॅस्टिकची, पण कापड पँटचंच घे, भाऊजींचा मान राहील. रंग बदामी, तपकिरी, गडद निळा. यातलं कशावरही काहीही जातं, सकाळी डोकं चालवावं लागत नाही.

आणि अडलेला हात नेहमी आधी, मोकळा नंतर. काढताना उलट. तू मोकळा हात आधी घालत असणार, पैज लावते. लहानपणी माझी झबली अशीच चढवायचीस आणि मी बोंबलायचे.

पण खरी गंमत पुढेच आहे. आमचे काही पुतळे जुने, एकसंध आहेत, त्यांचे हात निघत नाहीत. त्यांच्यासाठी मी शर्ट पाठीत उभा कापते, कॉलरपासून थेट खालपर्यंत. समोरून दोन्ही हात घालायचे आणि मागे टाचण्या मारायच्या. काचेपलीकडून कोणाच्या बापाला कळत नाही. तर भाऊजींसाठी मी तीन शर्ट असे केले आहेत. कडा दुमडून शिवल्या, टाचण्यांऐवजी पोरांच्या बुटांना असते तशी दाबली की बसणारी, ओढली की सुटणारी चिकटपट्टी लावली. समोर मात्र बटणं खरी, काजं खरी, कॉलर ताठ. पार्सल आजच टाकलं. मेव्हणीने खपून शिवलेत, नावं ठेवायची नाहीत असं त्यांना बजावून सांग.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर मी डोक्यावर बसेन.
तुझी ठकी


३ ऑक्टोबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

पार्सल मिळालं. शर्ट सुरेख आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर तुला हे कौतुक आठवायचं नाही.

पहिला बदामी काढला. अडलेला हात आधी, तू लिहिलंस तसंच. ठके, शर्ट अंगात कधी गेला ते मलाच कळलं नाही. दात आवळले नाहीत, डोळ्यांना पाणी नाही. मी सगळी बटणं लावली, कॉलर बसवली आणि त्यांच्यासमोर आरसा धरला. इतक्या महिन्यांनी मला माझा नवरा दिसला. मी वेड्यासारखी हसत सुटले. मग पट्टी लावायला त्यांना जरा पुढे वाकवलं, तर त्यांनी डावा हात मागे नेला आणि मानेपासून हात पोहोचेल तिथपर्यंत ती चीर चाचपली.

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. कॉलर ओढली, एक बटण तुटलं, खुर्चीवरून खाली घसरले. शेजारचे धावत आले. त्यानंतर तोंड उघडेनात. जेवण नाही, पाणी जबरदस्तीने. माझ्याकडे बघायचे ते कोण्या परक्या बाईकडे बघावं तसे. मला वाटलं, दुसरा झटका आला.

परवा त्यांना भेटायला त्यांच्या जागी आता जो काम करतो तो आला. मी खुंटीवरचा शर्ट दाखवून म्हटलं की याला बघून असं करतात, काही कळत नाही. त्याने शर्ट उलटा केला आणि एकदम खाली ठेवला. मला जिन्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं. माणूस गेला की थोड्या वेळाने ताठरतो, हात वळत नाहीत. घरचे लोक ठेवणीतले कपडे आणून देतात, शेवटचे घालायला म्हणून. मग ते पाठीत उभे कापायचे, समोरून चढवायचे आणि दोन्ही पाखे पाठीखाली सारायचे. समोरून सगळं नीटनेटकं दिसतं. घरच्यांना हे कळू द्यायचं नसतं. आणि ह्यांच्याइतकं स्वच्छ काम दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं, असंही म्हणाला.

कळलं ना तुला? मी माझ्या जिवंत नवऱ्याला मेलेल्या माणसाचे कपडे घातले, आणि वर आरसा धरून हसले.

त्यांना मी सतरांदा समजावलं की ही ठकीच्या दुकानातली युक्ती आहे, दुसरं काही नाही. ते ऐकून घेतात आणि भिंतीकडे बघतात. ते स्वतः कधी घरच्यांना खरं सांगत नसत. मग माझ्यावर का विश्वास ठेवतील?

लोभ असू दे. बाकी मी हात टेकले.
ताई


९ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार. आज आठही अंगांनी.

पत्र दुकानातच उघडलं. वाचून काचेत जाऊन बसले, पुतळ्यांच्या पायाशी, त्या कागदी पानांत. बाहेर लोक थांबून बघायला लागले तेव्हा मालकांनी आत बोलावून झापलं.

मला आधी तुझाच राग आला, हे लिहून टाकते. इतकी वर्षं संसार केलास आणि नवरा दिवसभर काय करतो हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही? विचारलं असतंस तर हे झालं नसतं. मग लक्षात आलं की आई गेल्यावर मी तुमच्याकडेच वाढले, विचारलं तर मीही नाही. भाऊजी माझी कॉलर सारखी केल्याशिवाय मला शाळेला सोडायचे नाहीत. त्या हातांची मला कधी भीती वाटली नाही. परवा तुझं पत्र वाचून वाटली, आणि तेव्हापासून मला माझीच लाज वाटते आहे.

ते शर्ट उसव, पट्ट्या काढून फेक, पाठ शिवून टाक. बाह्यांच्या खाली जास्तीचं कापड जोडून सैल कर, सोबत तुकडे पाठवते. थंडी अजून पडलेली नाही, अजून थोडे दिवस हातात आहेत. तू धीर सोडू नकोस, एवढं माझं ऐक.

मला लगेच निघायला हवं होतं. मालकांना विचारलं, ते म्हणाले, ही काच उतरून हिवाळ्याची लागेपर्यंत सुट्टी नाही. नोकरी गेली खड्ड्यात असं म्हणून यायचं धाडस झालं नाही. दुसरं काही कारण नाही, उगाच सबब सांगत नाही.

लोभ मागायला तोंड उरलं नाही. तरी मागते.
ठकी


२८ ऑक्टोबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

दोन शर्ट शिवले. तुझे तुकडेही जोडले. पण मधल्या दिवसांत हात आणखी आखडला. एकदा मी जोर केला तर खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. व्यायामाच्या बाईने मला फैलावर घेतलं, आणि नंतर खालच्या आवाजात पलंगावरच करायचे दोन प्रकार शिकवून गेली. म्हणजे तिनेही आशा सोडली. सकाळी आता तोंडातून वाफ येते. ह्यांच्या अंगावर नुसतं पांघरूण असतं.

तिसरा, निळा शर्ट मी शिवला नव्हता. काल तो बघून मनात आलं, हा आपणच का घालू नये? जिवंत माणसंही घालतात हे डोळ्यांनी पाहिलं तर पटेल. मग घातला. वर काही नाही, मागून पट्टी लावता आली नाही म्हणून पाठ तशीच उघडी. तसाच घालून खाली गेले, पाव आणि दूध घेऊन आले. पाठीला वारं झोंबत होतं. लोक वळून बघत होते. बघेनात का! वर आले आणि ह्यांच्यासमोर गिरकी घेतली. म्हटलं, बघा, मीही घातला, चालते, बोलते, दूध आणते, काही होत नाही याने.

ह्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग डाव्या हाताने जवळ बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलावलं गं. मी पलंगाच्या कडेला पाठ करून बसले. त्यांनी पट्टीला हातही लावला नाही. एक पाखा आत सारला, दुसरा त्यावर घेतला, तळव्याने वरून खाली सपाट केलं. एकाच हाताने, सावकाश, पण कुठे चाचपडणं नाही. मग खांद्याला धरून मला आपल्याकडे वळवलं. वरचं बटण लावलं, बराच वेळ लागला, पण लावलं. कॉलर सारखी केली. कपाळावर आलेले केस कानामागे घातले. हात उबदार होता. मला वाटलं, पटलं त्यांना. आता खुर्ची आणू, आता निघू, असं मी म्हणणारच होते.

तेवढ्यात त्यांनी तळवा माझ्या कपाळावर ठेवला आणि हलकेच खाली आणला. माझे डोळे मिटले. पापण्यांवर दोन बोटं थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

मी ओरडायला हवं होतं, ठके. हात धरून सांगायला हवं होतं की अहो, मी आहे अजून, आणि तुम्हीही आहात. सांगितलं नाही. एवढ्या महिन्यांत मला कोणी नीटनेटकं केलं नव्हतं. आणि डोळे उघडले असते तर पुन्हा त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, तो हात बाहीत घालायचा होता. मी उघडले नाहीत.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. नोकरी राहो की जावो, ये.
ताई