पाण्यात त्याचं काय झालं

हसनाबाद,
४ ऑगस्ट २०२४

चि. अर्पितास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत न्हाई, तुझी आई बाजूलाच बसलेली असती. म्हणून कागद घेतला. सोयाबीन फुलावर आलंय, म्हैस दुधाला बरी हाये. बाकी घरात काही बराबर न्हाई.

ओमानच्या अलीकडं आपल्या भागवतला जहाजावरून लाटेनं नेलं त्याला सहा आठवडे झाले. कंपनीनं तीन दिवस शोधलं आन कागद पाठवून दिला. गुरुजी म्हणले, देह न्हाई तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. तुझ्या आईनं ते दर्भ अंगणात फेकून दिले. म्हणली, माझं लेकरू तिकडं तसंच एकटं पडलंय आन मी इथं गवत जाळू का. मीठ समुद्राचं म्हणून कालवणात टाकायचं बंद केलंय तिनं. रोज एकच विचारती, पाण्यात त्याचं काय झालं असंल. शेवटी मी म्हणलो, आपली पोरगी समुद्रातलं कुजणंच शिकून राह्यली, तिला विचारू. तवापासून तुझ्या पत्राची वाट बघती. खरं काय ते कळव.

आमच्यावरची माया आटू देऊ नको.
तुझा अण्णा


पणजी,
१२ ऑगस्ट २०२४

ती. अण्णांना शि. सा. न.

पत्र मिळालं. इथे पाऊस फार आहे, प्रयोगशाळेत कामं साचली आहेत. आईला सांगा, समुद्र सगळ्यांना पोटात घेतो. भागवत शांत असेल. तिने जेवत जावं. गणपतीला यायचं बघते, पण सुट्टीचं अवघड आहे. तुमच्या गुडघ्याला तेल लावता ना? तुम्ही डॉक्टरांचं ऐकत नाही, हे इथे बसून कळतं मला.

पत्र लहान झालं, राग धरू नये.
अर्पिता


हसनाबाद,
२० ऑगस्ट २०२४

चि. अर्पितास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं. तुझी आई म्हणली, हे तर शेजारची द्वारकाबाई बी सांगून गेल्ती, त्यासाठी पोरीला एवढं शिकवलं व्हय. तू जूनमध्ये आल्तीस तवा बी दोन दिवसांत निघून गेल्तीस. आईच्या डोळ्याला डोळा भिडवला न्हाईस. तुझं काय अडतंय, पोरी?

उकिरड्यात काय होतं ते मला माहीत हाये. मी भीत न्हाई, ती बी भीत न्हाई. तो तिथं तसाच पडून न्हाई ना, एवढंच तिला पाहिजे.

दोन ओळी लिही, पर खऱ्या लिही.
अण्णा


पणजी,
३० ऑगस्ट २०२४

ती. अण्णांना आणि आईला शि. सा. न.

खरं लिहिते. आधी माझं. जहाजावरच्या नोकरीची जाहिरात भागवतला मीच पाठवली होती. मला बोलणी बसू नयेत म्हणून तुम्हाला त्याने सांगितलं, की नोकरी आपणच शोधली. त्यामुळे आईसमोर मला बसवलं नाही.

आता त्याचं. तो तसाच पडून नाही. आधी मासे आणि खेकडे येतात, हे लपवत नाही. मग जिवाणू येतात. ते इतके बारीक असतात की एका थेंबात लाखो मावतात. त्यांना तोंड नसतं, घास गिळता येत नाही. म्हणून ते अंगातून विकरं बाहेर सोडतात. विळ्याचं काम करणारा रस समजा. मांस तोडायला एक, चरबीला दुसरा. मोठ्याचं बारीक होतं, बारीक पाण्यात विरघळतं, तेव्हा कुठे जिवाणू ते पितात. शेणाचं खत होतं तेही याच रीतीने. खोल पाणी थंड असतं, तिथे हे सावकाश चालतं. हाडांना वर्षं लागतात. उरलेलं पाण्याचंच खत होतं. पावसाळ्यात तिकडे खालचं पाणी वर येतं, त्या खतावर डोळ्यांना न दिसणारी हिरवळ वाढते, आणि तिच्यावर मासळी जगते.

यात दुखणं नाही, अण्णा. तो त्याआधीच गेलेला होता.

समुद्राचं पाणी बाटलीत घेऊन ही विकरं किती वेगाने काम करतात, ते मी रोज मोजते. जूनपासून बाटलीचं झाकण उघडताना हात थांबतो.

आईने मला माफ करावं असं मागत नाही. फक्त लिहीत राहा.
अर्पिता


हसनाबाद,
११ सप्टेंबर २०२४

चि. अर्पितास दोघांचे आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तुझ्या आईनं वाचायला लावलं. मासे-खेकड्यापाशी मी थांबलो, तर म्हणली, वाचा, काही सोडू नका. जिवाणूला तोंड नसतं हे तिनं ऐकलं. मंग विचारलं, म्हंजे शेवटी कोणी चावलं न्हाई, पाण्यातच विरघळला? अर्धंच खरं हाये, पर मी हो म्हणलो.

जाहिरातीचं ऐकून तिला तुझा राग आला. खोटं कशाला लिहू. दोन दिवस तुझं नाव काढलं न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनंच गुरुजींना बोलावलं. परवा दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. मी रडलो, ती न्हाई.

आता ऐक. सोयाबीनची काढणी तुझ्या काकावर सोडून आम्ही दसऱ्याआधी तुझ्याकडं येतो. जल्मात तिनं समुद्र पाह्यला न्हाई. विचारत होती, गोव्याचं पाणी आन ओमानचं पाणी एकच का. नकाशा दाखवला, एकच हाये म्हणलो. तर म्हणती, लेकरू त्यात मिसळलं असंल तर मला एकदा हात घालायचाय. पर लाटेचं भेव वाटतं, तवा दुसरा हात अर्पितानंच धरायचा, आन बिलकुल सोडायचा न्हाई.

तुझा अण्णा,
बद्रीनाथ